निम्म्या बोटीची वॉरंटी

कप्तान इतक्या चटकन "घेऊन टाकू" म्हणाले नसते, तर फुंकररावांना संशय यायचं काही कारणच नव्हतं.

कप्तान म्हणजे त्यांचे थोरले साडू, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. हयातभर त्यांनी शहरातली बस चालवली. दोन वर्षांपूर्वी दोघा साडूंनी मिळून तलावावर सहा माणसांची एक मोटरबोट घेतली आणि तेव्हापासून सगळं घर त्यांना कप्तान म्हणायला लागलं. फुंकरराव हे नावही घरचंच, पण जुनं. त्यांचं औषधांचं दुकान होतं. गोळ्यांची पट्टी दोन्ही बाजूंनी उजेडात धरून पाहिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत, हे एक वेळ ठीक. पण भाजीवाल्याकडची काकडीसुद्धा ते तशीच उजेडात धरायचे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. "आमचे मेहुणे पाणीसुद्धा फुंकून पितात," असं ताई, म्हणजे कप्तानांच्या पत्नी, एकदा भर जेवणात म्हणाल्या आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

तर त्या शनिवारी दोघे साडू कप्तानांच्या घरी चहा पीत बसले असताना बोटीच्या शोरूममधून फोन आला. कप्तानांनी तो मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडचा सेल्समन मधात घोळवलेल्या आवाजात सांगत होता, की बोटीवरची कंपनीची वॉरंटी महिनाअखेर संपतेय, पण काळजीचं कारण नाही, ती आणखी तीन वर्षं वाढवून घेता येते. इंजिन, गिअर, वायरिंग सगळं त्यात येतं. मग त्याने किंमत सांगितली. तेवढ्या पैशांत घरात एक नवा सोफासेट आला असता, तोही बऱ्यापैकी.

"घेऊन टाकू," कप्तान म्हणाले.

फुंकररावांचा कप ओठांपर्यंत जाऊन तिथेच थांबला.

आता, हा माणूस कोण? चपलेचा अंगठा तुटला तर तारेने बांधून ती दोन पावसाळे चालवणारा. निवृत्तीनंतर बसचा फुकट पास मिळाला, तर तो पास झिजेल म्हणून चालत जाणारा. बोटीवर दोघांनी चहा घेतला तरी निम्मे निम्मे पैसे काढून ठेवणारा. हाच माणूस किंमत ऐकून ना कण्हला, ना कुंथला. घासाघीससुद्धा केली नाही त्याने. घेऊन टाकू!

"विचार करून कळवतो," फुंकररावांनी घाईघाईने फोनच्या दिशेने ओरडून सांगितलं.

"त्यात विचार कसला करायचाय?" कप्तान बशीकडे बघत म्हणाले. "इंजिन म्हणजे जिवंत वस्तू. उद्या काय होईल सांगता येतं का?"

दोन वर्षं हेच कप्तान इंजिनाच्या पाठीवर थाप मारून सांगत होते, की हे आपल्या नातवंडांनाही पुरेल. फुंकररावांनी चहा संपवला. पण जिना उतरताना त्यांच्या मनाने कौल देऊन टाकला होता: कुठेतरी पाणी मुरतंय.

पहिला संशय साहजिकच इंजिनावर गेला. कप्तानांनी बोट कुठेतरी आपटली असणार. तसं असेल, तर आता वॉरंटी घ्यायची, गप्प बसायचं आणि महिन्याभराने "अरेरे, बिघडलं वाटतं" म्हणायचं, असा बेत असेल. सोमवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. फुंकररावांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि ते तलावावर गेले.

धक्क्याला बोट बांधलेली होती. निळ्या ताडपत्रीखाली ती अगदी निष्पाप दिसत होती, आणि निष्पाप दिसणाऱ्यांवर फुंकररावांचा सगळ्यात कमी विश्वास. त्यांनी ताडपत्री सोडली. सीटच्या खाली पाहिलं, पेट्रोलच्या टाकीचा वास घेतला. मग आडवे पडून, धक्क्यावरून मान खाली लोंबकळत ठेवून त्यांनी इंजिनाचा पाण्यातला भाग पाहिला. पंख्याच्या एका पात्याची कड उडालेली होती. आणि बोटीच्या पोटावर, पाण्याच्या रेषेलगत, वीतभर ओरखडा!

"काही पडलं का साहेब पाण्यात?" मागून धक्क्याच्या रखवालदाराने विचारलं.

"नाही, असंच. ही बोट मधल्या दिवसांत कोणी बाहेर काढली होती का हो?"

"कप्तानसाहेबच काढतात की. मागच्या आठवड्यात एक पाहुणे होते त्यांच्याबरोबर. पांढरे बूट. चांगले जाडजूड. सीटवर बसून उड्या मारून पाहत होते."

"उड्या?"

"हो. स्प्रिंग बघत असावेत."

फुंकरराव उठले, शर्ट झटकला आणि सरळ मेकॅनिकच्या शेडमध्ये गेले. तलावावरच्या निम्म्या बोटी या मेकॅनिकच्या हाताखालून जात. तो आला, वाकला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि हसला.

"हे होय? तळाला दगड लागला असेल. कानशीने घासून देतो, चहा पाजा. इंजिनाला काही झालेलं नाही."

"कशावरून?"

मेकॅनिकने इंजिन सुरू केलं, कान देऊन ऐकलं, बंद केलं. "यावरून. गोड्या पाण्यातली बोट, आठवड्यातून एकदा चालते, तेल वेळच्या वेळी बदललेलं. कप्तान हिला पोटच्या पोरीसारखी ठेवतात."

"मग वॉरंटी घ्यावी की नाही?"

"माझं ऐकाल तर नका घेऊ. बिघडलंच तर मी बसलोय. आणि एक सांगतो, आपटलं, धडकलं, बुडालं, यातलं काहीही वॉरंटीत येत नसतं. आतून आपोआप बिघडलं तरच."

म्हणजे ओरखडा लपवण्यासाठी वॉरंटीचा काडीचाही उपयोग नव्हता. पहिला संशय तिथेच आडवा झाला. पण फुंकररावांचा एक संशय खाली बसला, की दुसरा लगेच उभा राहायचा.

"वॉरंटी घेतली तर दुरुस्ती कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होणार," ते डोळे बारीक करून म्हणाले. "म्हणजे तुमचं गिऱ्हाईक गेलं. म्हणून नको म्हणताय."

"अर्थात!" मेकॅनिक मुळीच न लाजता म्हणाला. "तुम्ही दुकानात बसून लोकांना सांगता का, की शेजारच्या दुकानातून औषध घ्या? पण म्हणून मी सांगतोय ते खोटं होत नाही."

हे बोलणं इतकं सरळ होतं, की त्यावर संशय तरी काय घ्यायचा हे फुंकररावांना कळेना. ते अस्वस्थ होऊन परतले.

दुसऱ्या दिवशी ते शोरूममध्ये गेले. काचेच्या दारापलीकडे कोरड्या फरशीवर नव्याकोऱ्या बोटी लग्नाला उभ्या राहिल्यासारख्या ओळीने मांडल्या होत्या. सेल्समनने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि एक गुळगुळीत रंगीत पत्रक पुढे सरकवलं. पत्रकावर पांढरे दात दाखवणारं एक कुटुंब बोटीत बसून कशाला तरी हसत होतं.

"यात काय काय येत नाही, ते सांगा," फुंकरराव म्हणाले.

"सर, जवळजवळ सगळंच येतं."

"जवळजवळ म्हणजे कुठपर्यंत?"

हळूहळू एकेक बाहेर यायला लागलं. पंखा येत नाही. बॅटरी येत नाही. रबराचं काही येत नाही, सीटची कव्हरं येत नाहीत, शिळ्या पेट्रोलने इंजिन तुंबलं तर तेही येत नाही. वर्षातून एकदा त्यांच्याच वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंग करायचं. एक जरी चुकलं तर सगळी वॉरंटी रद्द. दुरुस्तीच्या दर वेळी सुरुवातीचा थोडा खर्च आपणच सोसायचा. आणि सगळ्यात शेवटी कळलं, की ही वॉरंटी बोट बनवणाऱ्या कंपनीची नाहीच. भलतीच कुठलीतरी कंपनी ती देते.

"उद्या ती कंपनी बुडाली तर?"

"नाही बुडणार सर."

"कशावरून?"

सेल्समनने रुमालाने मान पुसली. "सर, तुमच्या पार्टनरनी एवढं काही विचारलं नाही. ते आले, एकच प्रश्न विचारला आणि खूश होऊन गेले."

"कप्तान इथे येऊन गेले?"

"मागच्या आठवड्यात. म्हणून तर मी शनिवारी फोन केला."

"काय विचारलं त्यांनी?"

"हेच, की बोटीचा मालक बदलला तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का. मी म्हटलं, होते, एकदा होते. सर, त्याने विकताना किंमतही चांगली येते. बरेच लोक त्यासाठीच घेतात."

फुंकररावांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या बुटांचं एक जाडजूड माणूस सीटवर उड्या मारू लागलं. दोन अधिक दोन चार. कप्तान आपला निम्मा हिस्सा विकत होते. वर त्या निम्म्या हिश्श्याला चांगला भाव यावा म्हणून वॉरंटीचे निम्मे पैसे फुंकररावांच्या खिशातून काढत होते. म्हणजे माझीच काठी आणि माझ्याच पाठी!

रात्रीची भांडी उरकून बायको धुतलेले कपडे घड्या घालत बसली होती, तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. आवाज खाली ठेवून, दाराकडे बघत, जणू कप्तान दाराला कान लावून उभे आहेत.

"तुझे भाऊजी बोट विकतायत. माझ्या पाठीमागे."

बायकोने हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"असेल काहीतरी," ती म्हणाली. "तुम्ही त्यांनाच विचारा ना."

फुंकरराव तिच्याकडे बघत राहिले. तीस वर्षांच्या संसारात ही बाई अशी बातमी ऐकून "अगं बाई!" म्हणाली नाही, असं एकदाही झालं नव्हतं. शेजाऱ्यांची मांजर व्यायली तरी ती "अगं बाई" म्हणायची.

"तुला माहीत होतं."

"मला काय माहीत असणार?" ती उठली आणि कपड्यांचा ढीग तसाच उचलून आत गेली. घडी न घातलेले मोजेसुद्धा त्यात गेले.

आता मात्र हद्द झाली. मेकॅनिक, सेल्समन, साडू आणि शेवटी घरचीच माणसं! त्या रात्री फुंकरराव कुशीवर वळले ते भिंतीकडे तोंड करून. भिंत तेवढी अजून कोणाला सामील झालेली नव्हती.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे दोघे साडू बोट घेऊन निघाले. तलाव शांत होता. कप्तान चाकाशी बसले होते, डोक्यावर उन्हाची टोपी, एक हात चाकावर आणि दुसरा मांडीवर. बस चालवतानाही ते असेच बसायचे म्हणे. फुंकरराव समोरच्या सीटवर, पाण्याकडे पाठ करून. दोन वर्षांत त्यांनी एकदाही चाकाला हात लावला नव्हता. ते डबा धरत, दोरी धरत, आणि खडक दिसला की ओरडत.

तलावाच्या मध्यावर आल्यावर ते म्हणाले, "मी ठरवलंय. वॉरंटी घ्यायची नाही."

"का रे?"

"अर्ध्याहून जास्त गोष्टी तिच्यात येतच नाहीत. शिवाय मेकॅनिक म्हणतो, इंजिन ठणठणीत आहे."

कप्तानांनी वेग कमी केला. मग म्हणाले, "बरं, असं करू. तुझा वाटाही मी देतो. मग तर झालं?"

चहाचे निम्मे काढून ठेवणारा माणूस! फुंकररावांचा इतक्या दिवसांचा बांध फुटला.

"तुम्ही कशाला देता? पांढऱ्या बुटवाल्यालाच सांगा ना भरायला! बोट त्याच्याच घशात जाणार आहे ना? शोरूममध्ये जाऊन तुम्ही काय विचारलंत ते सगळं कळलंय मला. मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझ्याच शेजारी बसून माझ्याच बोटीचा सौदा करता, आणि वर वॉरंटीचं गाजर दाखवता?"

कप्तानांनी इंजिन बंद केलं. अचानक सगळीकडे नुसता पाण्याचा आवाज उरला. बोट आपल्या मनाने किंचित फिरली.

"खरं आहे," कप्तान म्हणाले. "पण अर्धंच."

"उरलेलं अर्धं काय?"

कप्तानांनी टोपी काढली, आतल्या घामाच्या पट्टीकडे पाहिलं, पुन्हा घातली. "आम्ही जातोय. लेकीकडे. कायमचे."

कप्तानांची लेक विमानाने जावं लागेल इतक्या लांब राहत होती.

"आमच्या हिचे गुडघे तुला माहीत आहेत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. महिन्यातून दोनदा ती खाली उतरते, ती पण डॉक्टरकडे जायला. लेकीने तिच्या शेजारचंच तळमजल्याचं घर बघितलंय. हिनेच ठरवलंय. घर विकायचं, सामान वाटायचं, बोटीचा हिस्सा विकायचा. म्हणाली, मागे काही ठेवायचं नाही. ठेवलंत की तुम्ही परत यायच्या सबबी शोधणार."

"आणि तो पांढऱ्या बुटवाला?"

"माझ्या जुन्या डेपोतल्या एकाने पाठवला. त्याला बोट आवडली. म्हणाला, वॉरंटी असेल तर लगेच घेतो. मग म्हणाला, तो दुसरा भागीदार कोण आहे, त्यालाही काढता येईल का? म्हणजे तुला." कप्तानांनी नाक उडवलं. "आणि बोटीच्या काठावर अशा थापट्या मारत होता, जणू म्हैस विकत घेतोय. मी सांगितलं, मला विकायचीच नाही."

"मग पुन्हा वॉरंटी कशाला?"

"तुझ्यासाठी!" कप्तान एकदम ओरडले. लांबवर पाण्यावर बसलेली दोन बदकं उडाली. "मी गेल्यावर हे इंजिन कोण बघणार? तुला विचारलं तेल कुठून घालतात, तर तू पेट्रोलच्या टाकीकडे बोट दाखवशील. म्हटलं, वॉरंटी असली की निदान वर्षातून एकदा कोणीतरी उघडून बघेल तरी. माझा हिस्सा तुलाच द्यायचा होता. नवा मालक म्हणजे तूच की, शहाण्या!"

फुंकररावांनी हे बोलणं मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी उजेडात धरून पाहिलं. सवयच ती. कप्तानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो उन्हाने लाल झाला होता की रागाने, ते कळत नव्हतं.

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू सहा महिने वास घेत बसला असतास. विकतायत का, किती, कशाला, आत्ताच का." त्यांचा आवाज खाली आला. "आणि तुला सांगितलं म्हणजे मग जाणं पक्कं झालं असतं. ही सारखी विचारत होती, मेहुण्यांना सांगितलं का. मी म्हणायचो, सांगतो, रविवारी सांगतो."

बोट हळूहळू काठच्या लव्हाळ्याकडे वाहत चालली होती. दोघांपैकी कोणीच इंजिन सुरू करायला हात पुढे केला नाही.

"त्या बुटवाल्याने काय भाव सांगितला होता?" फुंकररावांनी विचारलं.

कप्तानांनी आकडा सांगितला.

"तेवढेच मी देईन. फुकट नको मला."

"फुकट देतोय कोण!" कप्तान म्हणाले, आणि मग दोघेही हसले. पण ते हसणं काही फार वेळ टिकलं नाही.

घरी आल्यावर फुंकरराव तडक स्वयंपाकघरात गेले. भांडायचंच होतं. "तुला माहीत होतं ना?"

"ताईने शपथ घातली होती," बायको ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली. "भाऊजी स्वतः सांगेपर्यंत बोलायचं नाही म्हणून."

"म्हणजे इतके दिवस तू माझ्यापासून..."

ती वळली. तिचे डोळे सुजलेले होते. आजचे नव्हे, कितीतरी दिवसांचे सुजलेले असावेत तसे. तेव्हा फुंकररावांच्या लक्षात आलं, की गेले चार दिवस ते हिच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत होते. ती का गप्प आहे, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. हिची एकुलती एक बहीण चालली होती. त्यांनी बोटीच्या पोटावरचा ओरखडा आडवं पडून शोधला होता.

त्यांनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आणि साखर कुठल्या डब्यात असते ते तिला विचारलं.

वॉरंटीचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत होता आणि महिनाअखेर जवळ आली होती. या वेळी दोघे साडू जोडीने शोरूममध्ये गेले. कप्तानांना वाटत होतं घ्यावी, फुंकररावांना वाटत होतं घेऊ नये. सेल्समन एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता.

"मला इंजिनाचं काही कळत नाही, हे खरं," फुंकरराव म्हणाले. "पण ते तीन वर्षं कळणारच नाही, असं थोडंच आहे? शिकायला एक वर्ष पुरेल. तुमच्याकडे फक्त एका वर्षाची आणि फक्त इंजिनाची वॉरंटी नाही का?"

"तशी योजना नाहीये सर."

फुंकरराव उठले. कप्तानही उठले. दोघे काचेच्या दारापर्यंत पोचले तोच मागून आवाज आला, "सर, एक मिनिट, आत विचारून बघतो." तो आत गेला आणि इतक्या लवकर बाहेर आला, की कोणाला विचारायला त्याला वेळच मिळाला नसावा. योजना होती. किंमत तीन वर्षांच्या सगळ्या वॉरंटीच्या पाव हिश्श्याहूनही कमी.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत सर."

फुंकररावांनी कप्तानांकडे असं पाहिलं, की बघा, मी उगीच फुंकत नाही. अटी त्यांनी तिथेच बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. सेल्समनने दोनदा चहा मागवला. दुसऱ्यांदा बहुतेक स्वतःसाठीच.

त्यानंतरचे रविवार शिकवणीचे. कप्तान शिकवायला बसले, की त्यांच्यातला जुना ड्रायव्हर जागा व्हायचा. "चाक पकड, गळा पकडू नकोस त्याचा!" "धक्का आला की वेग आधी मार, मग देवाचं नाव घे!" फुंकरराव घामाघूम व्हायचे. धक्क्याला बोट लावताना त्यांनी पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या बोटीला टेकवली. रखवालदार पळत आला. पण तेल कुठून घालतात ते त्यांना आता कळलं होतं; परतल्यावर इंजिन कसं धुवायचं, पेट्रोल जास्त दिवस पडून राहिलं तर त्याचा वास कसा बदलतो, तेही. वासाच्या बाबतीत तर ते कप्तानांच्याही पुढे गेले.

थंडी सरली तेव्हा कप्तान आणि ताई गेले. विमानतळावर दोघी बहिणी एकमेकींना सोडत नव्हत्या. कप्तानांनी फुंकररावांचा हात हातात घेतला, दाबला, आणि म्हणाले, "तेल बदलायचं विसरू नकोस." त्यांना दुसरं काही म्हणायचं असेल, तर ते जमलं नाही. फुंकररावांनाही जमलं नाही. "नाही विसरणार," एवढंच ते म्हणाले.

वॉरंटीचं म्हणाल, तर त्या वर्षात खरंच एक बिघाड झाला. पेट्रोल वर खेचणारा पंप गेला. कंपनीने तो बदलून दिला, पण त्यासाठी बोट ऐन मोसमात वर्कशॉपमध्ये पडून राहिली आणि पाइप रबराचा आहे म्हणून त्याचे पैसे वेगळे लावले. मेकॅनिक म्हणाला, मी हेच काम एका दुपारी केलं असतं. हिशेब मांडला तर घेतली ते बरं झालं असं म्हणता येत होतं, आणि नसती घेतली तरी चाललं असतं असंही म्हणता येत होतं. पुढच्या वर्षीसाठी सेल्समनचा फोन आला तेव्हा फुंकररावांनी त्याला गोड शब्दांत नाही म्हणून सांगितलं. तेवढे पैसे त्यांनी वेगळे काढून ठेवले आणि मेकॅनिकला बजावलं, की कधी बोलावलं तर सबबी नको.

मग एका रविवारी ते बायकोला घेऊन बोटीवर गेले. तलावाच्या मध्यावर इंजिन बंद करून दोघांनी डबा खाल्ला. परत निघताना बटण दाबलं, तर इंजिन ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्म. फुंकररावांचे डोळे बारीक झाले. पेट्रोलपंपवाल्याने भेसळ केली असणार. नाहीतर मेकॅनिकने काहीतरी सैल सोडलं, मुद्दाम, पुन्हा बोलवावं म्हणून. किंवा शोरूमवाल्यांनीच! वॉरंटी संपायचा अवकाश, की यांचं यंत्र बरोबर बंद पडतं, हे त्यांनी ऐकून ठेवलं होतं.

त्यांनी कप्तानांना व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे लेकीच्या घराच्या अंगणात कप्तान पायजम्यात बसले होते, आणि मागे ताई काठी न घेता कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"काय झालं रे?"

"इंजिन सुरू होत नाहीये. मला तर यात घातपात दिसतो."

"लाल दोरी लावलीस का?"

या लाल दोरीच्या एका टोकाला इंजिनाची छोटी खुंटी असते, दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला. चालवणारा पाण्यात पडला तर ती निघते आणि इंजिन बंद होतं. खुंटी जागेवर नसेल, तर इंजिन सुरूच होत नाही. फुंकररावांनी चाकाशेजारी पाहिलं. जागा रिकामी होती.

"नाहीये! कोणीतरी काढून नेली!"

"तलावाच्या मध्यावर? कोण येणार आहे तिथे, मासे?"

"मी सांगतो तुम्हाला कप्तान, तो धक्क्यावरचा रखवालदार आजकाल माझ्याकडे बघत नाही..."

"अहो," मागच्या सीटवरून बायको म्हणाली. तिने हात वर केला. तिच्या मनगटात लाल दोरी बांगडीसारखी अडकवलेली होती. "ही का? जेवताना खाली पडलेली दिसली. म्हटलं, पाण्यात जाईल."

फोनमधून कप्तान इतके हसले, की ताई हातातली झारी ठेवून बघायला आल्या. "अगं, काय झालं काय?" त्या बहिणीला विचारू लागल्या, आणि दोघी बहिणी फोनवर अशा काही बोलायला लागल्या, की बोट बराच वेळ तिथेच तरंगत राहिली.